उरलेलं फरसाण : टाकू नका, पण तपासल्याशिवाय वापरूही नका



दिवाळी झाली, घरातलं लग्न आटोपलं, की आपल्या घरात दोन-चार डबे तरी अर्धवट भरलेले राहतात. एकात शेव, एकात चिवडा, एकात चकलीचे तुकडे, एकात तळलेल्या कुरडया-पापडांचा चुरा. शिवाय आठवडे बाजाराहून मुलांसाठी आणलेल्या फरसाणाचा अर्धा पुडा फडताळात पडून असतोच. पहिले आठ दिवस हे सगळं आवडीने खाल्लं जातं. पुढे ते नरम पडतं, मुलं तोंड फिरवतात आणि एक दिवस डबा गोठ्याकडे नाहीतर उकिरड्याकडे जातो.

या पत्रकात तीन गोष्टी सांगायच्या आहेत. उरलेलं फरसाण वापरण्याजोगं आहे की नाही हे कसं ओळखावं, वापरताना मीठ-तेलाचा हिशेब कसा धरावा, आणि जे वापरण्याजोगं नाही त्याचं काय करावं. शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आपण टाकलेलं कोंबड्या खातात, आणि तिथे नुकसान होतं.

एक किलो शेव म्हणजे किती माल?

शेव म्हणजे हरभरा डाळीचं पीठ, तेल, मीठ, ओवा, तिखट आणि हळद. तळताना पिठातलं पाणी निघून जातं आणि त्या जागी तेल शिरतं. त्यामुळे १०० ग्रॅम शेवेत साधारण ३५ ते ४० ग्रॅम तेल असतं. एक किलो शेवेत सुमारे ३५० ग्रॅम तेल आणि निम्म्याहून जास्त डाळीचं पीठ धरायला हरकत नाही.

आता हा हिशेब शेतात नेऊन बघा. एक किलो भुईमुगाच्या शेंगा फोडल्या की सुमारे ७०० ग्रॅम दाणे मिळतात आणि घाण्यावर त्यातून मोटामोटी ३०० ग्रॅम तेल निघतं. हरभऱ्याची डाळ केली की किलोला पाऊण किलोच्या आत-बाहेर डाळ हाती येते. म्हणजे एक किलो शेव उकिरड्यावर गेली, तर किलोभर शेंगा आणि पाऊण किलो हरभरा उकिरड्यावर गेला. वर बाईमाणसाची चुलीपुढची मेहनत आणि सरपण किंवा गॅस गेला तो वेगळाच. शेतातला माल वाऱ्यावर उधळला तर आपल्याला चालत नाही. घरातला का चालावा?

पण याला दुसरी बाजूही आहे. टाकायला जीव होत नाही म्हणून खवट झालेला पदार्थ भाजीत घालून घरच्यांना खाऊ घालणं ही काटकसर नव्हे. म्हणून आधी तपासणी, मग स्वयंपाक.

नरम पडणं वेगळं, खवट होणं वेगळं

फरसाण दोन तऱ्हांनी बिघडतं. या दोन्हींतला फरक घरातल्या प्रत्येकाला कळायला हवा.

पहिली तऱ्हा नरम पडण्याची. तळलेला पदार्थ अगदी कोरडा असतो म्हणून तो कुरकुरीत लागतो. डब्याचं झाकण सैल राहिलं, पावसाळी दमट हवा लागली, ओला हात गेला, की तो हवेतलं पाणी ओढून घेतो आणि चिवट होतो. यात चव थोडी उतरते, पण पदार्थ लगेच वाईट होत नाही. ही तऱ्हा दुरुस्त होते.

दुसरी तऱ्हा खवट होण्याची. यात बिघाड तेलात होतो. हवेतल्या प्राणवायूचा तेलाशी संयोग होतो, तेलाचे बारीक घटक तुटतात आणि त्यातून उग्र वासाचे, कडवट पदार्थ तयार होतात. उजेड, उष्णता आणि तांब्या-लोखंडासारख्या धातूंचा स्पर्श यामुळे ही क्रिया जोरात चालते. ती एकदा झाली की उलटी फिरत नाही. पुन्हा तळा, भाजा, लसूण-मसाला घाला, वास दबेल पण बिघाड तसाच राहील.

तेव्हा सूत्र असं : नरम पडलेलं दुरुस्त होतं, खवट झालेलं दुरुस्त होत नाही.

तपासणी कशी करावी?

पेरणीआधी आपण मूठभर बियाणं ओल्या फडक्यात ठेवून उगवण तपासतो. तशीच डब्याची तपासणी करा. पाच मिनिटांचं काम आहे.

१. झाकण उघडल्याबरोबर वास घ्या. जुन्या डोक्याच्या तेलासारखा किंवा रंगाच्या डब्यासारखा उग्र वास आला, तर तेल खवट झालं आहे.

२. चिमूटभर शेव तळहातावर चोळा आणि पुन्हा वास घ्या. डब्यात न कळलेला वास चोळल्यावर कळतो.

३. एक-दोन दाणे चावून बघा. कडवट लागलं किंवा घशाला खवखवलं, तर पुढे जाऊ नका.

४. चिवड्यातले शेंगदाणे आणि खोबऱ्याचे काप वेगळे काढून तपासा. चिवड्यात सहसा हेच आधी खवट होतात. पोहे चांगले आणि दाणे खवट असंही होतं. तसं असेल तर दाणे-खोबरं निवडून टाका, पोहे वापरा.

५. उजेडात डबा हलवून बघा. जाळी, किडे, पांढरट-हिरवट किंवा काळी बुरशी कुठेही दिसली, तर तो सगळा डबा बाद. वरचं टाकून खालचं ठेवू नका.

बुरशीबाबत इतकं कडक का? भुईमुगाच्या दाण्यावर वाढणारी एक पिवळट-हिरवी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार करते. ते यकृताला घातक आहे आणि घरच्या चुलीवर भाजल्या-तळल्याने पूर्ण नाहीसं होत नाही. बुरशी पुसता येते, विष पुसता येत नाही.

बंद पुड्यातलं फरसाण असेल तर त्यावरची तारीख आधी पाहा. पुडा फोडल्यावर मात्र त्या तारखेवर विसंबू नका. हवा लागली की पुड्याचा हिशेब संपतो आणि डब्याचा सुरू होतो. घरी केलेली शेव घट्ट डब्यात साधारण तीन-चार आठवडे चांगली राहते. दाणे-खोबरं घातलेला चिवडा दोन-तीन आठवड्यांत संपवावा. उन्हाळ्यात मुदत याहून कमी धरावी.

आणखी एक. पाहुण्यांच्या ताटात उरलेलं, पाच जणांचे हात लागलेलं फरसाण पुन्हा डब्यात टाकू नये. हाताचा ओलावा आणि उष्टं यामुळे सगळा डबा बिघडतो. या पत्रकात जे उरलेलं म्हटलं आहे ते डब्यात उरलेलं, ताटात उरलेलं नव्हे.

नरम पडलेलं पुन्हा कुरकुरीत करणे

जाड बुडाची कढई मंद आचेवर ठेवा. तेल घालू नका. शेव किंवा चिवडा टाकून तीन ते पाच मिनिटं हलक्या हाताने हलवत राहा. गरम असताना पदार्थ नरमच लागेल, म्हणून आच वाढवू नका. ताटात पातळ पसरून पूर्ण गार होऊ द्या. गार झाल्यावर कुरकुरीतपणा येतो. गरम असताना डबा बंद केला तर वाफ आत कोंडते आणि सगळी मेहनत वाया जाते.

हे काम एकदाच करा आणि दोन-तीन दिवसांत संपेल एवढ्याच पदार्थाचं करा. वारंवार तापवल्याने तेल लवकर खवट होतं. कडक उन्हात ताट ठेवण्याची काहींची रीत आहे. पण खुला उजेड आणि ऊन दोन्ही तेलाला वाईट, म्हणून कढईच बरी.

मिठाचा हिशेब आधी, फोडणी नंतर

उरलेल्या फरसाणाची भाजी खारट झाली ही तक्रार घरोघरी असते. कारण साधं आहे. आपण फरसाणाला कोरडा जिन्नस समजून सवयीने चमचाभर मीठ घालतो. फरसाणात मीठ आधीच असतं हे विसरतो.

पुड्यावर १०० ग्रॅममध्ये सोडियम किती मिलिग्रॅम हे बारीक अक्षरात छापलेलं असतं. त्या आकड्याला अडीचने गुणा, म्हणजे मीठ किती मिलिग्रॅम ते कळेल. सोडियम ८०० असेल तर मीठ २,००० मिलिग्रॅम, म्हणजे २ ग्रॅम झालं. घरच्या शेवेतही मोटामोटी एवढंच धरावं.

आता चार माणसांच्या शेवभाजीला २०० ग्रॅम, म्हणजे सुमारे चार वाट्या शेव लागते. तिच्यातून ४ ग्रॅम मीठ आणि ७० ग्रॅम तेल भाजीत येतं. एक सपाट लहान चमचा मीठ ५ ग्रॅम भरतं आणि ७० ग्रॅम तेल म्हणजे पाच मोठे चमचे होतात. म्हणजे चार जणांच्या भाजीला लागणारं बहुतेक मीठ आणि भरपूर तेल शेवेतच आहे. वरून नेहमीसारखं मीठ आणि तेलाचा तवंग घातला, तर दोन्ही दुप्पट होतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याप्रमाणे मोठ्या माणसाने दिवसभरात ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं. त्यात भाजी, भाकरी, लोणचं, पापड सगळं आलं. घरात कुणाला रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर त्या व्यक्तीसाठी भाजी वेगळी काढावी. शेवेचं मीठ रश्शात उतरतं, म्हणून शेव बाजूला सारून नुसता रस्सा ओरपला तरी मीठ पोटात जातंच. उडदाच्या पापडात मिठाबरोबर पापडखारही असतो आणि त्यातही सोडियम असतं, हे ध्यानात ठेवा. वर्षाच्या आतल्या बाळाला हे पदार्थ देऊच नयेत.

तीन नियम पाळा :

१. फरसाण घालायचं त्या पदार्थात आधी मीठ घालू नका. फरसाण घालून, दोन मिनिटांनी चव घेऊन, मगच लागलं तर चिमूटभर घाला.

२. फोडणीचं तेल निम्म्यावर आणा.

३. फरसाणाची भाजी असेल त्या जेवणात लोणचं-पापड वाढू नका. कांदा, मुळा, काकडी, ताक द्या. ताकातही मीठ नको.

काय काय करता येईल?

शेवभाजी. ही आपल्या खान्देशची ओळख आहे. मुंबई-आग्रा महामार्गावर धुळ्याच्या ढाब्यांपासून जळगाव-भुसावळपर्यंत ती मिळते. जाड शेव मुळात भाजीसाठीच असते, म्हणून उरलेल्या जाड शेवेला याहून चांगली वाट नाही. चार माणसांसाठी दोन कांदे आणि अर्धी वाटी सुकं खोबरं भाजून घ्या. त्यात आठ-दहा लसूण पाकळ्या, आलं आणि कोथिंबीर घालून बारीक वाटा. दोन मोठे चमचे तेलात वाटण परता, काळा मसाला आणि तिखट घाला, चार वाट्या गरम पाणी घालून दहा मिनिटं उकळा. मीठ नको. ताटात वाढताना वाटीत शेव घालून वरून उकळता रस्सा ओता. शेव पातेल्यात टाकून ठेवली की फुगून रस्सा पिऊन टाकते आणि दुसऱ्या वाढीला लगदा उरतो. शिवाय रस्सा वेगळा राहिला तर पुन्हा उकळता येतो.

बारीक शेव आणि चुरा. बारीक शेव रश्शात विरघळते, म्हणून तिची शेवभाजी होत नाही. पण तोच गुण दुसरीकडे कामाला येतो. गिलके, दोडके, वांगी यांच्या रस्साभाजीत आपण दाट येण्यासाठी दाण्याचा कूट घालतो. त्याऐवजी चार माणसांच्या भाजीला अर्धी वाटी शेवेचा चुरा शेवटच्या पाच मिनिटांत घाला. मीठ नेहमीच्या निम्मं.

भरली वांगी, भरली मिरची. आठ लहान वांग्यांना एक वाटी बारीक शेव, अर्धी वाटी दाण्याचा कूट, ठेचलेला लसूण, काळा मसाला आणि कोथिंबीर एकत्र करून भरा. सारणात मीठ नको. शिजवायच्या पाण्यात चिमूटभर पुरे. जाड कमी-तिखट मिरच्यांतही हेच सारण चालतं.

बट्टी. वरण-बट्टी आपल्याकडे घरोघरी होते. चार वाट्या जाडसर गव्हाच्या पिठात एक वाटी फरसाणाचा बारीक चुरा, ओवा आणि हळद घाला. मोहन नेहमीच्या निम्मं आणि मीठही निम्मं. पीठ घट्ट मळून अर्धा तास झाकून ठेवा. लांबट गोळे करून उकळत्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं शिजवा. गार झाल्यावर काप करा. ते तळण्याऐवजी तव्यावर थोड्या तेलात खरपूस परता, नाहीतर उकडलेला गोळा तसाच गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजा. चुऱ्यातलं तेल आधीच आत असल्याने बट्टी खुसखुशीत होते. निखारा मात्र मंद हवा. तळलेलं डाळीचं पीठ गव्हाच्या पिठापेक्षा लवकर करपतं. सोबतच्या वरणात मीठ कमी ठेवा.

थालीपीठ आणि धिरडं. चिवडा, चकली, खारे शंकरपाळे, मठरी यांचे तुकडे खलबत्त्यात किंवा पाट्यावर भरड कुटा. दोन वाट्या ज्वारीच्या पिठात एक वाटी भरड, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर आणि मेथी घालून थालीपीठ थापा. भरडीतल्या पोह्यांना आणि पिठाला पाणी जास्त लागतं, म्हणून भिजवून दहा मिनिटं थांबा आणि मग पाण्याचा अंदाज घ्या. चिवड्यात साखर असेल तर तवा फार तापू देऊ नका, थालीपीठ डागाळतं.

कढीत चकली. ताकाची कढी उकळून खाली उतरवा आणि चकलीचे जाड तुकडे टाकून झाकण ठेवा. पाच-सात मिनिटांत ते मऊ होतात. कढी-फुणके खाणाऱ्यांना ही चव परकी वाटणार नाही. कढीत मीठ चकली घातल्यावर चाखून घाला.

कुरडई आणि पापड. तळलेल्या कुरडयांचा चुरा कांद्याच्या फोडणीत टाका, पाण्याचा हबका मारा आणि झाकून एक वाफ आणा, भाजी तयार. न तळलेल्या तुटक्या कुरडया असतील तर गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं भिजवून, निथळून घ्या आणि मग फोडणीला टाका. भाजलेला नरम पापड तव्यावर पुन्हा शेकून चुरा, त्यात कच्चा कांदा, थोडं तिखट आणि कोथिंबीर घाला, भाकरीबरोबर कोरडं तोंडीलावणं होतं. वेगळं मीठ अजिबात नको.

केळ्याचे वेफर्स. रावेर, सावदा, फैजपूर या केळीच्या पट्ट्यात तुटक्या वेफर्सचा चुरा बराच उरतो. त्यात डाळीचं पीठ नसतं, म्हणून तो उपवासाच्या दाण्याच्या आमटीतही चालतो. आधी मात्र कोणतं मीठ-मसाला लावला आहे ते बघा. आमटी उतरवल्यावर चुरा वरून घाला.

ही युक्ती काही आपल्याच मुलखाची नाही. शेजारी गुजरातेत शेव-टमाट्याची भाजी करतात, राजस्थानात पापडाची भाजी करतात. दूर मेक्सिको देशातले लोक मक्याच्या शिळ्या रोटीचे तुकडे तळून मिरची-टमाट्याच्या रश्शात घालतात. ती त्यांची न्याहारी. युरोप-अमेरिकेत बटाट्याच्या वेफर्सचा चुरा पदार्थावर पसरून भट्टीत भाजतात. कोरडा, खारा, तळलेला जिन्नस ओल्या, अळणी पदार्थात घालावा, ही अक्कल सगळीकडच्या गृहिणींना सुचलेली आहे.

ओलं झालं की शिळं होतं

कोरडं फरसाण आठवडे टिकतं, पण रश्शात पडलं की ते शिजवलेल्या अन्नासारखंच नासतं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ ते ४४ अंशांवर जातो. तेव्हा शेव घातलेली दुपारची भाजी रात्रीसाठी ठेवू नये. शेतावर न्यायची असेल तर रस्सा डब्यात आणि शेव वेगळ्या पुडीत द्या. खायच्या वेळी एकत्र करा. न्याहारीही चांगली लागेल आणि पोटही बिघडणार नाही.

पुडी बांधायला छापील वर्तमानपत्र वापरू नका. शाईतले घातक पदार्थ तेलकट खाण्यात उतरतात. भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने २०१६ साली याबाबत सूचना दिली होती. स्वच्छ कोरा कागद, फडकं किंवा लहान डबी वापरा.

गोठ्यात आणि खुराड्यात टाकू नका

आता सर्वांत नेमानं होणारी चूक. खवट झालं, घरात नको, तर घाला गुरांना, टाका कोंबड्यांना, असं आपण करतो.

कोंबडीच्या खाद्यात मिठाचं प्रमाण साधारण १०० भागांत अर्ध्या भागापेक्षा कमी असतं. फरसाणात ते दोन भागांच्या आसपास, म्हणजे चौपटीहून जास्त. जास्त मीठ पोटात गेलं की कोंबड्या सारखं पाणी पितात, विष्ठा पातळ होते, पाय लटपटतात आणि पिण्याचं पाणी कमी पडलं तर मरतात. पिल्लांना धोका अधिक. घरच्या पाच-दहा गावठी कोंबड्या म्हणजे बाईमाणसाच्या हातातला पैसा असतो. डबाभर शिळ्या शेवेसाठी तो घालवू नका.

गाई-म्हशींना मीठ लागतं, पण ते खुराकातून मोजून. त्यांच्यापुढे एकदम घमेलंभर तळलेलं, तिखट, पिठूळ खाणं टाकलं तर कोठीपोटातलं पचन बिघडतं. जनावर रवंथ थांबवतं, पोट फुगतं, दूध उतरतं. आणि बुरशी लागलेला माल तर जनावरालाही देऊ नये. अफ्लाटॉक्सिन खाल्लेल्या दुभत्या जनावराच्या दुधात त्या विषाचा अंश उतरतो आणि ते दूध आपलीच मुलं पितात. चुकून जनावराने किंवा कोंबड्यांनी असं काही खाल्लंच, तर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवा.

मग बाद मालाचं करायचं काय? थोडा असेल तर शेणखताच्या खड्ड्यात खोलवर टाकून वर शेण आणि मातीचा थर द्या, म्हणजे कोंबड्या-कुत्री उकरणार नाहीत. गांडूळ खताच्या वाफ्यात मात्र टाकू नका. मीठ आणि तेल दोन्ही गांडुळांना सोसत नाहीत.

मुळात उरणार नाही, बिघडणार नाही यासाठी

डबा भरण्याआधी गरम पाणी आणि साबणाने धुऊन कडक वाळवा. जुन्या खेपेचं तेल डब्याच्या कडांना चिकटून राहिलं, तर ते नव्या खेपेला लवकर खवट करतं. म्हणूनच जुन्या शेवेवर नवी शेव ओतू नये.

पदार्थ पूर्ण गार झाल्यावर भरा. डबा काठोकाठ भरा. अर्धा रिकामा डबा म्हणजे अर्धा डबा हवा. पदार्थ कमी झाला की लहान डब्यात काढा. डबा चुलीपासून दूर, अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवा. तांबं-पितळ किंवा गंजलेलं लोखंड नको. स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा उत्तम. काचेची बरणी असेल तर ती उजेडात ठेवू नका. रोजच्या खाण्यासाठी लहान डबी वेगळी करा, म्हणजे मोठा डबा सारखा उघडावा लागत नाही.

तळणीचं तेल चांगलं असेल तरच पदार्थ टिकतो. काळपट झालेलं, फेस येणारं, लवकर धूर सोडणारं तेल पुन्हा वापरू नका. अशा वारंवार तापवलेल्या तेलातल्या बिघडलेल्या घटकांचं प्रमाण १०० भागांत २५ पेक्षा जास्त नसावं, असा नियम १ जुलै २०१८ पासून लागू झाला आहे. घरी मोजमाप करता येत नाही, पण रंग, फेस आणि धूर हे तीन साक्षीदार पुरेसे आहेत. जुन्या तेलात नवं तेल ओतल्याने जुनं सुधारत नाही, नवं मात्र बिघडतं.

महिला बचत गटांना एक सूचना. विक्रीसाठी शेव, चिवडा करताना तुटका माल निघतोच. तो ताजा असताना वेगळा भरून, चुरा म्हणूनच कमी दरात विका. गावातल्या बायकांना भाजीसाठी तो हवाच असतो. पण मागच्या खेपेचा शिल्लक माल नव्या खेपेत मिसळून विकू नका. एका पुड्याला खवट वास आला की गिऱ्हाईक सगळ्या गटाचं नाव सोडतं.

थोडक्यात लक्षात ठेवा

• नरम पडलेलं वापरा, खवट झालेलं टाका, बुरशी आलेला सगळा डबा टाका.
• वास घ्या, चोळा, एक-दोन दाणे चावा. मगच भाजीत घाला.
• फरसाण आधी, मीठ नंतर. फोडणीचं तेल निम्मं.
• शेव वाढताना घाला. ओली झालेली त्याच वेळी संपवा.
• रक्तदाबाच्या माणसासाठी भाजी वेगळी काढा.
• बाद माल कोंबड्यांना, गुरांना, गांडुळांना नाही. शेणखताच्या खड्ड्यात खोलवर.
• नवी खेप धुतलेल्या, वाळलेल्या डब्यात. जुन्यावर नवं ओतू नका.

हे पत्रक स्वयंपाकघरात भिंतीला लावून ठेवा. शेजारच्या घरी ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवा. आपण करत असलेली एखादी वेगळी रीत असेल, तर ती प्रमाणासह आमच्या कार्यक्रमाकडे पत्राने जरूर कळवा.